कच्चं हिरवं

१

सुंदरबाई दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या मेली, तेव्हा समोरच्या भिंतीवरच्या पडद्याच्या हिशेबानं ती दोन तासांपूर्वीच घरी गेली होती.

शेलूबाजारच्या चौकात जीपच्या पायरीवरून तिचा पाय सटकला आणि डोकं मागून डांबरावर आपटलं. रक्त आलं नाही. ती स्वतःच उठून उभी राहिली आणि काही झालं नाही म्हणाली. तरी मुलगा बादल तिला हायवेवरच्या ट्रस्टच्या दवाखान्यात घेऊन आला. पावणेएकला डोक्याचा सीटी स्कॅन लिहून मिळाला. ती सीटीच्या दारासमोर बसली आणि तिचं नाव पडद्यावर लाल अक्षरांत आलं. एक बावन्नला ते हिरवं झालं. हिरवं म्हणजे काम झालं. हिरवं नाव दहा मिनिटांनी आपोआप पुसलं जातं, तसं तेही पुसलं गेलं.

त्यानंतर तिला कुणी हाक मारली नाही, कारण हाक मारायला यादीत नावच नव्हतं. बादल दोनदा काउंटरवर विचारायला गेला. दोन्ही वेळा तिथल्या पोरीनं मान वर न करता सांगितलं, पडद्यावर पाहा. चारच्या सुमारास त्यानं आईला चहा प्यायला उठवलं, तर ती उठली नाही. डोक्यात आतल्या आत रक्त साचलं होतं.

ते नाव हिरवं झालं होतं ते माझ्या मुलीच्या, पौर्णिमाच्या लॉगिनवरून.

मी देवमन पडघान. एकतीस वर्षं एक्स-रेच्या डार्करूममध्ये फिल्म धुण्यात घालवली. त्या काळी फिल्म धुऊन हातात येईपर्यंत पेशंटचं काम झालं असं कुणी म्हणत नसे. मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो. वय झालं की राग उतरतो म्हणतात. माझा चढत गेला.

दुसऱ्याच दिवशी पौर्णिमाला नोटीस आली. तिला कामावरून थांबवलं होतं. सोमवारी अकरा वाजता चौकशी समिती बसणार, दोष सिद्ध झाला तर नोकरी जाणार, टेक्निशियनची नोंदणी रद्द करायला वर लिहिणार आणि पोलिसांत तक्रार देणार. सत्तावीस वर्षांची पोर ती नोटीस हातात घेऊन चुलीपुढे बसून राहिली होती. आदल्या रात्रीपासून ती जेवली नव्हती आणि कुणाशी बोलतही नव्हती.

"हे तू लिहिलं का?" मी विचारलं.

"नाई, बाबा. मी त्या टायमाले वार्डात होती. पोर्टेबल मशीन घेऊन."

एवढं मला पुरे होतं. म्हणजे कुणीतरी माझ्या पोरीच्या नावानं हे केलं होतं. त्या क्षणापासून मला न्याय नको होता, मला तो माणूस पाहिजे होता.

तेवढ्यात अंगणात बादल येऊन उभा राहिला. पंचवीस-सव्वीसचा, अंगानं दणकट, डोळे सुजलेले. तो मोठ्यानं बोलला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"काका, पोरीले बाहेर काढा."

"काहून?"

"तिचं तोंड पाहाचं हाय मले. माही याडी बाकावर मेली अन् हिनं बटन दाबलं."

मी दारात आडवा झालो. "तिनं नाई दाबलं."

"कागद सांगून राह्यला."

"कागदाले काय, कोनी बी लिहिते. आज शुक्रवार हाय. सोमवारी अकरा वाजेपर्यंत थांब, बादल. ज्यानं दाबलं त्याचं नाव मी स्वतः तुले देतो. मंग तुह्या मनाले येईन ते कर. मी आडवा येनार नाई."

तो एक पाऊल पुढे आला.

"अन् सोमवारी नाव नाई भेटलं त?"

"त हे दार उघडं राहीन," मी म्हणालो.

दारामागे उभ्या असलेल्या पौर्णिमानं हे सगळं ऐकलं होतं.

२

शनिवारी सकाळी मी दवाखान्यात गेलो. पडदा पाहिला. भिंतभर लांब, चकचकीत. कुणाला किती मिनिटं झाली, कोण आत गेलं, कुणाचा रिपोर्ट झाला, सगळं लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांत. खाली एक मोठा आकडा: आजची सरासरी वाट पाहण्याची वेळ, सव्वीस मिनिटं. बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसलेली आणि सगळ्यांच्या माना पडद्याकडे. आपलं माणूस शेजारी कण्हत असलं तरी डोळे पडद्यावर.

हा पडदा आणला तो मॅनेजरसाहेबांनी. ते पुण्याकडचे, सहा महिन्यांपूर्वी आलेले. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मला ते लगेच आवडले नाहीत.

"पडघानकाका, मला तुमचं दुःख समजतं. पण सिस्टीम खोटं बोलत नाही. आधी इथे एका एक्स-रेला दीड तास लागायचा. डॅशबोर्ड लागला आणि तो वेळ अर्ध्या तासाच्या खाली आला. कुठे अडतंय ते लगेच दिसतं. आता एका कर्मचाऱ्यानं चुकीची नोंद केली तर त्याला पडदा काय करणार?"

"माह्या पोरीनं केली कायवरून?"

"तिचं लॉगिन आहे. आणि खरं सांगू का, थोडी जबाबदारी नातेवाइकांचीही असते. मुलगा होता, एक बाई होती, दोन-दोन माणसं सोबत. एका म्हातारीकडे लक्ष ठेवता आलं नाही? पण ते जाऊ द्या, गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये."

मी पाण्याचा ग्लास खाली आपटला. हे वाक्य ऐकायला बादल इथे हवा होता, असं मला वाटलं. रागानं माझं डोकं इतकं भणभणलं की त्या वाक्यात काय होतं ते तेव्हा मला ऐकूच आलं नाही.

बाहेर जिन्याखाली विमलबाई भेटली. ती इथली आया, जऊळक्याची. स्ट्रेचर ओढणं, पेशंटला आत नेणं, फरशी पुसणं, सगळं तीच. मला पाहून तिनं पदर डोळ्याला लावला.

"जय भीम, देवमनभाऊ. त्या बाईच्या अंगावर मीच चादर टाकली हो. मले वाटलं झोपली. पडद्यावर नाव नाई, म्हंजे हिचं झालं, गाडीची वाट पाहून राह्यली असन."

"पौर्णिमा कुठं होती?"

"वार्डात. मीच त मशीन ढकलत नेली तिच्यासंगं. एक वाजून चाळीस मिनटं झाले होते. मी वापस आली, ते तिथंच राह्यली."

"मंग हिरवं कोनं केलं?"

विमलबाईनं इकडे तिकडे पाहिलं. "काय सांगू. त्या दिवशी दोन वाजता ट्रस्टचे पाहुने येनार होते पडदा पाहाले. सकाळपासून फरशी पुसून पुसून माहे हात गळाले. अन् त्या दिवशी कच्चे हिरवे लय होते."

"कच्चे हिरवे म्हंजे?"

ती चपापली. बादली उचलली आणि चालू लागली.

"विमलबाई!"

"मले नका विचारू, भाऊ. मशीनवाल्याईले विचारा. माही पाच वर्षं राह्यली हायेत नोकरीची."

३

मशीनवाला म्हणजे रवी. पौर्णिमाबरोबरच लागलेला दुसरा टेक्निशियन. सीनियरची जागा पौर्णिमाला मिळाली तेव्हापासून त्याचं तिच्याशी बिनसलं होतं. ती गेली तर जागा त्यालाच मिळणार होती. म्हणून माझा पहिला संशय त्याच्यावर होता आणि मी तो लपवलाही नाही. रविवारी दुपारी मंगरूळपीरच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात त्याला गाठलं आणि सरळ विचारलं.

"तू केलं का रे?"

"मले बी हेच विचारून राह्यले सगळे!" तो उसळला. "समितीवाल्याईनं काल बोलावलं. म्हने, पौर्णिमाच्या लॉगिनवर सगळे शेरे मानसाचे हायेत. 'येतो', 'घेतो', 'करतो'. म्हंजे म्हने तिचं लॉगिन तूच वापरतं. काका, मी त्या टायमाले सीटीच्या खोलीत होतो, पोट दुखनाऱ्या पेशंटसंगं. त्याच्या स्कॅनवर टाइम छापेल हाय."

"कच्चं हिरवं म्हंजे काय?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"कोनं सांगितलं तुमाले?"

"ते सोड."

"फोटो काढल्यावर हिरवं केलं त पक्कं. काढाच्या आंधीच करून टाकलं त कच्चं. सरासरी अर्ध्या तासाच्या खाली राह्यली पाह्यजे ना! नाई त साहेब सगळ्याईसमोर बोलते. कच्च्याचं नाव पडद्यावरून जाते, म्हून आमी ते तळहातावर लिहून ठेवतो, अन् मागून हाक मारून फोटो काढून घेतो. आजपावतर एक बी पेशंट सुटला नव्हता."

"आमी म्हंजे कोन कोन?"

रवी खाली पाहत बोलला, "सगळेच, काका."

इथे मी पुढचा प्रश्न विचारायला पाहिजे होता. नाही विचारला. मला त्याच्या खिशातला कागद दिसत होता.

"हे काय हाय?"

"तिच्या लॉगिनवरचे दोन महिन्याचे शेरे. माह्यावर आळ आला म्हून काढून आनले."

मी एकेक ओळ वाचली. 'पेशंट वार्डात हाय, पाच मिनटात येतो.' 'फिल्म हलली, पुन्हा घेतो.' 'डॉक्टरले विचारून सांगतो.' मला हसू आलं, त्या चार दिवसांतलं पहिलं. ही माझीच पोर! पुण्याच्या माणसाला हे कळायचं नाही. आमच्याकडे बाया 'मी करते', 'मी येते' म्हणत नाहीत. माझी आई, माझी बायको, सगळ्या 'मी जातो', 'मी येतो' असंच म्हणत आल्या. पौर्णिमा शिकली तरी तिची जीभ तीच राहिली, आणि ती बोलते तसंच लिहिते. समितीनं पुरुषाचे म्हणून वेगळे काढलेले सगळे शेरे तिचेच होते.

मग मी शेवटची ओळ वाचली. गुरुवार, दोन तारीख, एक वाजून बावन्न मिनिटं. 'नातेवाइकांचा नकार. पेशंट घरी नेला. नोंद बंद करते.'

"नकार कायले लिहिला?"

"तासाच्या वर लाल राह्यलेलं नाव बंद कराचं असन त मशीन कारन मागते," रवी म्हणाला. "कारन देल्याशिवाय हिरवं होत नाई."

करते. दोन महिन्यांत एकदाच. माझ्या पोरीच्या तोंडात जन्मात न आलेला शब्द कुणीतरी तिच्या नावावर लिहून ठेवला होता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. बादल होता.

"नाव भेटलं का, काका?"

'मी करते' असं म्हणणारी बाई त्या दवाखान्यात एकच होती. रिपोर्ट लिहिणारी डॉक्टरीणबाई. तीही पुण्याकडची. ते नाव माझ्या जिभेच्या टोकावर आलं.

४

मी ते गिळलं. सज्जन आहे म्हणून नाही. सूड चुकीच्या माणसावर गेला तर खरा माणूस घरी बसून हसतो, एवढ्याच हिशेबानं.

"उद्या," मी म्हणालो आणि फोन ठेवला. मग तिथूनच जीप पकडून शेलूबाजारला आलो. रविवारी डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या क्वार्टरमध्येच असायची आणि तातडीचे रिपोर्ट तिथूनच पाहायची.

तिनं मला आत घेतलं. मी नमस्कारही न करता विचारलं, "गुरुवारी एक बावन्नला तुम्ही कुठे होता?"

ती चिडली नाही. लॅपटॉप उघडून माझ्यासमोर सरकवला. "माझे रिपोर्ट मी बोलून रेकॉर्ड करते. हे पाहा. एक एकोणपन्नास ते एक छप्पन, छातीचा सीटी. रवीनं आधी पाठवलेला." तिनं बटण दाबलं आणि तिचाच आवाज आला, मधे एकदा खोकलाही. मग ती म्हणाली, "काका, मी माणसांच्या कवट्या पाहते, चेहरे पाहत नाही. त्या बाईची फिल्म माझ्यापर्यंत आली असती ना, तर दहा मिनिटांत मी तिला अकोल्याला पाठवलं असतं. चार दिवस मला झोप नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी आल्या पावली उठणार होतो, पण तिनं थांबवलं.

"एक सांगा. तुम्ही पूर्ण नोंद पाहिली का? शेऱ्याच्या खाली आणखी एक रकाना असतो, नकार देणाऱ्याचं नाव. त्या बाईला समितीनं बोलवायला नको का? तिनं नकार दिला म्हणूनच तर नाव बंद झालं."

"कोणती बाई?"

"ही." तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "याडीबाई. कोण आहे ही? मावशी वगैरे?"

मी तो शब्द तीनदा वाचला.

बाहेर येऊन मी बादलला फोन लावला.

"गुरुवारी याडीसंगं कोन कोन होतं?"

"मी एकटाच. दुसरं कोन राहीन?"

"काउंटरपाशी कोनाशी बोलला होता? याद कर."

"कोनाशीच नाई. फोनवर बोललो मंजूशी. बहीन हाय माही. आमच्या बोलीत बोललो. ते विचारे, झालं का स्कॅन? म्या म्हटलं, याडी घरी चाल म्हनून राह्यली, याडी नाई म्हनते स्कॅनले. थकली होती ना बिचारी. म्या तिले समजावून बसवलं मंग."

"जवळ कोन होतं?"

"काचंच्या आत कोनीतरी होतं. तोंड नाई दिसलं. काहून, काका?"

सोबत एक मुलगा आणि एक बाई होती, असं मला साऱ्या दवाखान्यात एकाच माणसानं सांगितलं होतं. "उद्या अकरा वाजता ये," मी बादलला म्हणालो. "अन् रिकाम्या हातानं ये."

५

समिती तीन जणांची. अध्यक्ष गोविंदसिंग, ट्रस्टचे जुने सभासद, इथल्याच बंजारा तांड्यावरचे. बाजूला एक वकील आणि एक निवृत्त शिक्षक. मॅनेजरसाहेब फाइल घेऊन बसलेले. रवी, विमलबाई, डॉक्टरीणबाई भिंतीला टेकून. पौर्णिमा दारापाशी. बादल माझ्या मागे उभा होता आणि त्याचा श्वास मला मानेवर जाणवत होता.

वकील नियम वाचू लागले. मी त्यांना वाचू दिलं. फिल्मला औषधात जेवढा वेळ लागतो तेवढा द्यावाच लागतो. मग हात वर केला.

"साहेबाईले एकच विचारतो. गुरुवारी सुंदरबाईसंगं कोन कोन होतं?"

"मी सांगितलंय तुम्हाला," मॅनेजरसाहेब म्हणाले. "हा मुलगा आणि एक बाई."

"तुमी पाह्यली ती बाई?"

"म्हणजे... नोंदीत आहे तसं. नकार तिनंच दिला."

"नाव काय तिचं?"

त्यांनी फाइल उलटली. "याडीबाई."

गोविंदसिंगांनी चष्मा काढला. "काय म्हनले?"

"याडीबाई. नकार देणाऱ्याच्या रकान्यात आहे."

मग गोविंदसिंग हळू आवाजात म्हणाले, "साहेब, आमच्या बोलीत याडी म्हंजे आई. ते बाईचं नाव नोहे."

मी उभा राहिलो. खरं सांगतो, एवढा आनंद मला पौर्णिमाच्या नोकरीच्या दिवशीही झाला नव्हता.

"हा पोरगा काउंटरपाशी बहिनीले फोनवर सांगत होता का याडी नाई म्हनते. काचंच्या आत बसलेल्या मानसाले वाटलं, याडी नावाची कोनी बाई संगं हाय अन् ते नकार देऊन राह्यली. रवी इथला हाय. पौर्णिमा शेलूबाजारची हाय, तांड्याच्या पोरीसंगं शाळंत गेली. विमलबाईले, काउंटरवरच्या पोरीले बी माहीत हाय, त्या बी इथल्याच. याडीचं बाईचं नाव करनारा मानूस बाहेरचाच पाह्यजे. बाहेरचे दोघंच. डॉक्टरीनबाई त्या मिनटाले दुसरा रिपोर्ट बोलून राह्यल्या होत्या, आवाज हाय त्यांचा. अन् गुरुवारी संगं दोन मानसं होते, हे मले तुमी शनिवारी सांगितलं, साहेब. जे बाई या दुनियेत नाई ते तुमी मोजली."

"शेरा स्त्रीलिंगी आहे!" मॅनेजरसाहेबांचा मऊ आवाज फाटला. "'बंद करते' असं स्वच्छ लिहिलंय! मी कशाला करते लिहीन?"

"बाईचं लॉगिन म्हून तुमी मुद्दाम करते लिहिलं. तिथंच फसले." मी गोविंदसिंगांकडे वळलो. "भाऊ, तुमच्या घरी मालकीन काय म्हनते? करते का करतो?"

"करतो," गोविंदसिंग म्हणाले.

मी रवीचा कागद त्यांच्यापुढे टाकला. दोन महिन्यांचे सगळे 'येतो', 'घेतो', 'सांगतो' आणि खाली एकच 'करते'. त्यांनी पाहिला, शिक्षकांकडे सरकवला, शिक्षकांनी वकिलांकडे.

मॅनेजरसाहेबांच्या कपाळावर घाम आला होता. मी तो डोळे भरून पाहिला.

"दोन वाजता पाहुणे येणार होते," ते म्हणाले. "एकच नाव लाल होतं. सत्तर मिनिटं! सगळी सरासरी बिघडत होती. मी दहा मिनिटांसाठी बंद केलं. पाहुणे गेले की पुन्हा टाकणार होतो. मग त्यांनी फोटो काढले, जेवण निघालं... मी विसरलो. मी विसरलो हो."

"विसरले," बादल म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि पुढे आला.

मी बाजूला सरलो. शब्द दिला होता तसा. साहेब खुर्चीसकट मागे भिंतीपर्यंत गेले आणि तिथून ओरडले, "मला एकट्याला काय पाहताय? पासवर्ड मी चोरला नव्हता! तिनंच दिला होता! विचारा तिला!"

"खोटं!" मी गरजलो. "मरता मरता बी खोटं बोलून राह्यला!"

मागून पौर्णिमाचा आवाज आला. "खरं हाय, बाबा."

६

ती दारापासून पुढे आली आणि माझ्यासमोर नाही, बादलसमोर उभी राहिली.

"पासवर्ड मीच देला. कच्चं हिरवं बी मीच सुरू केलं. पडदा लागला त्याच्या दुसऱ्या हप्त्यात. लाल दिसलं का हे साहेब ओरडत. मी म्हटलं, आंधी हिरवं करू, मागून फोटो काढू. साऱ्याईले मीच शिकवलं. यांले म्हटलं, मी वार्डात असली त तुमीच करत जा, आल्यावर मी पाहतो."

"पौर्णिमा, चूप बस," मी म्हणालो.

"गुरुवारी दोन वाजून वीस मिनटांनी मी वार्डातून वापस आली. सारा पडदा हिरवा. एवढा हिरवा पडदा खरा नसते, हे माह्याइतकं कोनाले माहीत नव्हतं. बाकावर पाहाचं होतं. विचाराचं होतं, कोनी राह्यलं का. अडीचची बस होती. मी पाह्यलं नाई. तुमची याडी माह्या समोरून दोन हातावर होती, बादलभाऊ. मी तशीच गेली."

विमलबाई तोंडात पदर कोंबून रडत होती.

"मले काहून नाई सांगितलं?" मी विचारलं.

"तुमी एकच गोष्ट विचारली, बाबा. हे तू लिहिलं का? म्या नव्हतं लिहिलं. मंग तुमी पहिल्या दिवसापासून दुसऱ्याचं नाव शोधून राह्यले होते. मले बी वाटलं, सापडन त बरं होईन. मी वाचीन. आता ते सापडलं अन् मले वाचाची लाज वाटते."

बादलची मूठ वळलेली होती. त्यानं साहेबांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मला वाटलं आता तो हात उचलणार, आणि मी कुणाला वाचवायला धावणार हे मला ठरवता येईना. त्यानं मूठ सोडली.

"मी कोनाले हात लावत नाई," तो मला म्हणाला. "मंगरूळले ठान्यात चला. नाव देतो म्हनले होते ना? तिथं द्या. तुमच्या तोंडानं."

आम्ही दोघं त्याच्याच मोटरसायकलवर गेलो. पोलीस ठाण्यात हवालदार हरिसिंगनं कागद पुढे ओढला आणि काय झालं ते विचारलं. मी सुरुवातीपासून सगळं सांगितलं. मॅनेजरचं नाव मी अक्षर न अक्षर फोडून सांगितलं, वडिलांच्या नावासकट. ते कागदावर उतरताना पाहून माझं काळीज थंड झालं. सूड गोड असतो म्हणतात, आणि मला तो खरंच गोड लागला.

"अजून कोनी हाय का यात?" हरिसिंगनं विचारलं.

मी बादलकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहत होता. तो मला काही आठवण करून देणार नव्हता आणि माफही करणार नव्हता.

मला नाही म्हणता आलं असतं. साहेबांवर कोण विश्वास ठेवणार होतं? गोविंदसिंग भला माणूस, पोरीचं बोलणं त्यांनी कागदावर घेतलंही नव्हतं. एका 'नाही'मध्ये तिची नोकरी होती, नोंदणी होती, लग्न होतं. चार दिवस मी ज्या माणसाचा गळा धरायला फिरत होतो, त्यानंही एवढंच केलं होतं. एक लाल नाव गुपचूप काढून टाकलं होतं.

"हाय," मी म्हणालो. "पौर्णिमा देवमन पडघान. वय सत्तावीस. राहनार शेलूबाजार."

हरिसिंगचा पेन थांबला. त्यानं वर पाहिलं.

"देवमन म्हंजे तुमीच ना?"

"मीच," मी म्हणालो. "लिहा."